बेकारीचे दोन आकडे आणि त्यांच्यामधले अंतर

(गोव्यातील डिचोली येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात माझ्याकडे एक मुलगा आला होता. आपल्याच तालुक्यातला, वय २३, बी.कॉम. झालेला. आजोबांचा जन्म १९६१ च्या आधीचा, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतला, त्यामुळे घरात पोर्तुगीज पासपोर्टचे कागद जमवणे चालू आहे. तो म्हणाला, "सर, पोर्तुगालात बेकारी साडेसहा टक्के आणि गोव्यात साडेआठ. मग मी तिकडेच गेलेलं बरं नाही का?"

त्याचे दोन्ही आकडे बरोबर होते. पोर्तुगालचा २०२३ चा दर ६.५ टक्के आणि २०२३-२४ च्या केंद्रीय श्रमबल सर्वेक्षणात गोव्याचा ८.५. पण मला वाटले, या मुलाने आयुष्याचा निर्णय ज्या आकड्यावर बेतलाय, तो त्याचा आकडाच नाही. तो सगळ्यांचा आकडा आहे. त्यात पंचेचाळीस वर्षांचा बँक कर्मचारीही आला, वीस वर्षे एकाच शाळेत शिकवणाऱ्या बाईही आल्या. २३ वर्षांच्या मुलाने तरुणांचा दर पाहायचा असतो. तो त्याच काळात पोर्तुगालात २० टक्क्यांच्या थोडा वर होता आणि गोव्यात १९ च्या आसपास. म्हणजे त्याला दिसलेला दोन टक्क्यांचा फायदा इथेच संपला.

आता हे २० आणि १९ तरी शेजारी शेजारी ठेवता येतात का? युरोपात तरुण म्हणजे १५ ते २४. आपल्या सर्वेक्षणात १५ ते २९. हा मुलगा पंचविशीत गेला की युरोपच्या तक्त्यात तरुणांच्या रकान्यातून बाहेर पडेल. आपल्याकडे तो आणखी पाच वर्षे तिथेच राहील. वय वाढते तशी बेकारी साधारणपणे उतरते. त्यामुळे गोव्याचा दरही २४ पर्यंतच मोजला, तर तो १९ च्या वर जाईल असेच मी समजतो. शिवाय युरोपात एका ठरावीक आठवड्याबद्दल विचारतात: त्या आठवड्यात तासभर तरी काम केले का? आपला हा आकडा वर्षभराचा आहे, आणि त्यात वर्षाकाठी तीसेक दिवस काम केलेला माणूसही रोजगारात धरला जातो. ज्या गोव्यात पर्यटनाचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो आणि मे संपता संपता किनाऱ्यावरचे तात्पुरते शॅक उतरवले जातात, तिथे ही मोजणी किती जणांना झाकते, हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

म्हणून दोन देशांचे दर समोरासमोर उभे करण्यापेक्षा प्रत्येक देशात बदल कसा झाला, ते पाहणे मला जास्त विश्वासाचे वाटते. मोजमाप वेगळे असले तरी ज्या देशाची मोजपट्टी तीच राहिली, त्याची स्वतःशी तुलना खरी असते.

स्पेन घ्या. २००७ मध्ये एकूण बेकारी ८ टक्के, तरुणांची १८. मग घरबांधणीचा फुगा फुटला. २०१३ मध्ये एकूण २६, तरुणांची ५५. भागाकार केलात तर दोन्ही वर्षी तरुणांचा दर दुपटीहून थोडा जास्त. काहीच बदलले नाही असे वाटेल. वजाबाकी केलीत तर अंतर १० वरून २९ वर गेलेले दिसेल. दोन्ही हिशेब बरोबर आहेत, पण घराघरांत जाणवली ती वजाबाकी. (एक गैरसमज इथेच दूर करतो. ५५ टक्के म्हणजे स्पेनमधला प्रत्येक दुसरा तरुण रिकामा होता असे नाही. जे शिकत होते आणि काम शोधत नव्हते, ते या हिशेबात येतच नाहीत. सगळे तरुण धरले तर बेकार साधारण पाचांत एक होता. तेही थोडे नव्हे.)

तरुणच का भरडले गेले? मंदीच्या आधी स्पेनमधल्या नोकरदारांपैकी जवळपास एक तृतीयांश मुदतीच्या करारावर होते आणि तरुणांत हे प्रमाण कितीतरी जास्त होते. कायम कामगाराला काढायचे तर मोठी भरपाई, करारावरच्याला काढायचे तर जवळजवळ काहीच नाही. संकट आल्यावर कुणाला घरी पाठवले, ते उघड आहे. त्याहून वाईट म्हणजे भरभराटीत कितीतरी मुले शाळा सोडून बांधकामावर गेली होती. काम गेले तेव्हा त्यांच्या हातात प्रमाणपत्रही नव्हते.

हे वाचताना मला आपला खाणपट्टा आठवतो. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीज रद्द केल्यावर मार्चात परत बंद पडल्या. बारावीनंतर पुढे न शिकता कर्ज काढून ट्रक घेतलेली मुले तुम्ही पाहिली आहेत. काहींचे ट्रक अंगणात गंजले. स्पेनचा तक्ता माझ्यासाठी परका नाही.

जर्मनीत मात्र उलटे घडले. २००५ मध्ये एकूण बेकारी ११ टक्के होती, तरुणांची १५; २०१३ मध्ये एकूण ५ आणि तरुणांची ८ च्या आत. मंदीत त्यांनी माणसे काढण्याऐवजी कामाचे तास कमी केले आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग सरकारी योजनेतून भरला. पण अंतर मुळातच लहान होते, ते त्यांच्या उमेदवारी (अप्रेंटिसशिप) पद्धतीमुळे. मुलगा आठवड्याचे काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो, पगार घेतो, म्हणून रोजगारात मोजला जातो. आपल्याकडे आयटीआय झालेला मुलगा पहिल्या मुलाखतीला जातो आणि त्याला अनुभव विचारतात. तो अनुभव त्याने आणायचा कुठून? या प्रश्नाला जर्मनीने दिलेले उत्तर मला पटते.

एकूण दर उतरला म्हणजे तरुणांचे भले झाले, असेही धरू नका. भारतात २०१७-१८ ते २०२३-२४ या काळात एकूण दर ६ वरून ३.२ वर आला आणि तरुणांचा १७.८ वरून १०.२ वर. दोन्ही उतरले, पण तरुणांचा दर पूर्वी एकूण दराच्या तिपटीच्या आत होता, तो तिपटीच्या वर गेला. पोर्तुगालात हे आणखी ठळक दिसते. २०१३ मध्ये एकूण १६-१७ आणि तरुणांची ३८, म्हणजे सव्वादोन पट. आता दर कितीतरी खाली आलेत, पण तरुणांचा दर एकूण दराच्या तिप्पट आहे. सावरलेल्या अर्थव्यवस्थेने मोठ्यांना आधी आत घेतले.

आणि उतरलेल्या दरात निघून गेलेलेही असतात. २०१३ च्या सुमारास पोर्तुगाल सोडणाऱ्यांची संख्या वर्षाला लाखावर गेली होती, त्यात तरुण पुष्कळ. जो गेला तो बेकारांतून वजा झाला. आपले बोटीवर नोकरीला गेलेले आणि पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रिटनमधल्या स्विंडनला स्थायिक झालेले गोव्याच्या बेकारीत कुठे दिसतात? ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ती वाटही २०२० च्या अखेरीस बंद झाली. आता पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्याला युरोपीय संघातच काम शोधायचे आहे, तेही भाषा येत नसताना.

हे सगळे मी त्या मुलाला सांगितले. जाऊ नकोस असे म्हणालो नाही. तो अधिकार मला नाही. एवढेच म्हणालो की तू गेलास तर गोव्याचा बेकारीचा दर केसभर खाली येईल, आणि इथे एकाही माणसाला नवी नोकरी मिळालेली नसेल. पुढच्या रविवारी तो परत येणार आहे. पोर्तुगालातल्या त्याच्या वयाच्या मुलांपैकी किती जण मुदतीच्या करारावर आहेत, तो तक्ता आम्ही दोघे मिळून बघणार आहोत.