शंख झिजवणारं पाणी

(दृश्य: काळ्याशार पाण्यात पोहणारा इवलासा जीव. दोन्ही बाजूंना पारदर्शक पंख.)

हा जीव गोगलगायीच्या कुळातला आहे, हे सांगूनही पटकन खरं वाटत नाही. खडकावरची गोगलगाय ज्या मांसल पायावर सरकते, त्याच पायाचे या जातीत दोन पंख झाले. ते हलवत हा जीव जन्मभर खुल्या समुद्रात पोहतो, म्हणून त्याला समुद्री फुलपाखरू म्हणतात. शास्त्रीय नाव लिमासिना हेलिसिना. मुक्काम उत्तरेकडच्या थंड समुद्रांत. पाठीवरचा शंख बहुधा मसुराच्या दाण्याएवढा, आणि इतका पातळ की आतलं शरीर बाहेरून दिसतं. आपल्याकडे ज्या दुर्मीळ दक्षिणावर्ती शंखाला देवघरात मान असतो, त्याचे वेढे ज्या बाजूला वळतात, त्याच बाजूला याचेही वळतात. इथे मात्र प्रत्येक शंख तसाच घडतो.

पोट भरण्याची त्याची रीत तासभर बघत राहावी अशी आहे. अंगातून पाझरणाऱ्या चिकट स्रावाचं जाळं तो पाण्यात पसरतो आणि त्याखाली स्थिर राहतो. सूक्ष्म वनस्पती त्यात अडकल्या, की जाळ्यासकट गिळून टाकतो. रात्री तो वर येतो, दिवसा खोल पाण्यात उतरतो. हेरिंग आणि गुलाबी सामन मासे त्याच्यावर पोसले जातात. शंख नसलेली क्लायोनी नावाची एक पोहणारी गोगलगाय तर फक्त त्याच्या जातभाईंवरच जगते. म्हणजे एवढ्याशा या जिवावर बऱ्याच जणांचं पोट अवलंबून आहे.

(दृश्य: अमेरिकेचा पश्चिम किनारा, वरून. लाटा, धुकं, संशोधन जहाज.)

ऑगस्ट २०११. अमेरिकेच्या महासागर आणि वातावरणविषयक संस्थेचं, म्हणजे ‘नोआ’चं, एक संशोधन जहाज वॉशिंग्टनपासून कॅलिफोर्नियापर्यंतच्या किनाऱ्याने नमुने गोळा करत निघालं. नीना बेडनारशेक आणि रिचर्ड फीली यांच्या चमूने जाळ्यात आलेली समुद्री फुलपाखरं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. निरोगी शंखाचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. इथे त्यावर खड्डे होते, वरचा थर गेलेला होता, खालच्या थरातले स्फटिक उघडे पडले होते. किनाऱ्यालगतच्या फुलपाखरांपैकी ५३ टक्क्यांचे शंख गंभीर प्रमाणात विरघळलेले होते. खोल समुद्राकडच्यांमध्ये हे प्रमाण २४ टक्के होतं. हे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्याआधी, २००८ मध्ये, अंटार्क्टिकाजवळच्या स्कोशिया समुद्रात याच कुळातल्या जिवंत प्राण्यांचे शंख असेच झिजलेले सापडले होते. या दोन्ही ठिकाणचे प्राणी थेट समुद्रातून काढलेले होते. प्रयोगशाळेच्या टाकीत मुद्दाम आम्ल घालून केलेली ही झीज नाही, हे इथे ठळकपणे सांगायला हवं.

मग हे पाणी बदललं कशाने?

कोळसा, तेल, वायू जाळून आपण जो कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातला साधारण चौथा हिस्सा समुद्र शोषून घेतो. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत त्याचं प्रमाण दहा लाख भागांत २८० होतं, आज ते ४२० च्या वर आहे. पाण्यात शिरलेल्या या वायूचं कार्बोनिक आम्ल होतं आणि त्यातून हायड्रोजनचे आयन सुटतात. हे आयन किती आहेत ते सामू (पीएच) सांगतो; ते वाढले, की सामू उतरतो. समुद्राच्या वरच्या थराचा सामू ८.२ वरून ८.१ वर आला आहे. आकडा किरकोळ दिसतो. पण सामूचं मोजमाप असं आहे, की एवढ्याशा घसरणीत हायड्रोजन आयन पावपटीहून अधिक वाढतात.

शंख घडवायला गोगलगायीला दोन गोष्टी लागतात, कॅल्शियम आणि कार्बोनेट. कॅल्शियम समुद्रात भरपूर आहे. अडतं ते कार्बोनेटपाशी. सुटे झालेले हायड्रोजन आयन कार्बोनेटला चिकटतात, त्याचं बायकार्बोनेट होतं, आणि गोगलगायीच्या वाट्याचं कार्बोनेट कमी होत जातं. फारच कमी झालं, की तयार शंखच पाण्यात विरघळू लागतो. त्यासाठी समुद्र आम्लधर्मी व्हावा लागत नाही. तो अजूनही अल्कधर्मीच आहे. त्यात समुद्री फुलपाखराचा शंख ॲरागोनाइटचा, आणि ॲरागोनाइट हा कॅल्शियम कार्बोनेटचा लवकर विरघळणारा प्रकार. थंड पाण्यात वायू जास्त मुरतो, म्हणून ध्रुवांकडच्या समुद्रांना याची झळ आधी लागली. उष्ण कटिबंधातल्या वरच्या पाण्यात कार्बोनेटची शिल्लक अजून बरीच आहे.

(दृश्य: इटली, इस्किया बेट. समुद्रतळातून वर येणारे बुडबुडे.)

पुढच्या काळातला समुद्र आजच बघायचा असेल, तर नेपल्सजवळच्या इस्किया बेटावर जावं. तिथे जुन्या किल्ल्याच्या पायथ्याशी, उथळ पाण्यात, ज्वालामुखीय हालचालींमुळे तळातून वायू बाहेर पडतो. तो जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड असतो. बुडबुड्यांच्या जवळ जावं तसतसा पाण्याचा सामू उतरत जातो. जेसन हॉल-स्पेन्सर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तिथली पाहणी प्रसिद्ध केली. तिथल्या शंखधारी प्राण्यांची कवचं खरवडल्यासारखी, खड्डे पडलेली होती आणि वायूच्या या झऱ्यांच्या अगदी जवळ समुद्री गोगलगायी उरल्याच नव्हत्या. सिसिलीच्या उत्तरेला व्हल्कानो बेटाजवळ असेच झरे आहेत. तिथल्या काही गोगलगायींचं शरीर मूळ आकाराच्या साधारण दोन तृतीयांश झालेलं आढळलं. लहान अंगाला ऊर्जा कमी लागते, म्हणून त्या तगल्या.

ही ऊर्जेची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

शंख म्हणजे गोगलगायीने अंगातून झिरपवून घडवलेली वस्तू. ती घडते त्या जागेवरून हायड्रोजन आयन सतत बाहेर काढावे लागतात. बाहेरच्या पाण्यातच ते वाढले, की तेच काम अधिक कष्टाचं होतं. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या व्हिक्टोरिया पेक यांना असे शंख सापडले, जे बाहेरून झिजले होते पण आतून नव्या थराने जाड केलेले होते. शंखाच्या वरची पातळ साल शाबूत असेतोवर पाणी आत पोहोचत नाही; साल फाटली की तिथून झीज सुरू होते, आणि प्राणी आतून लेप चढवत राहतो. हे वाचून मला खरोखर आनंद झाला. एवढासा जीव लगेच हार मानत नाही. पण या डागडुजीत जाणारी ऊर्जा त्याच जाळ्यातल्या अन्नातून येते, आणि ती तिथे लागली की वाढीसाठी, पिल्लांसाठी तेवढी कमी उरते.

(दृश्य: ओहोटीनंतरचे खडक. कपारीतला खेकडा, शेजारी पेरीविंकल गोगलगायी.)

किनाऱ्यावरच्या गोगलगायींनाही हे सोसावं लागतं. युरोपच्या खडकाळ किनाऱ्यावरची पेरीविंकल खेकड्याचा वास आला की आपला शंख जाड करते. खेकडा शंख फोडून खातो, त्यावरचा हा तिचा उपाय. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवलं, की सामू उतरलेल्या पाण्यात ती वास ओळखते, खेकड्यापासून दूर पळण्याची धडपडही वाढवते, पण शंख जाड करणं मात्र तिला जमत नाही.

आणि पिल्लं? भूमध्य समुद्रातल्या काव्होलिनिया इन्फ्लेक्सा या समुद्री फुलपाखराच्या अळ्या सुमारे ७.५ सामूच्या पाण्यात वाढवून पाहिल्या. त्या जगल्या, पण त्यांना शंखच आला नाही.

(दृश्य: आकृती. खोल पाणी किनाऱ्याशी वर येतं.)

आता पुन्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे. तिथे उन्हाळ्यात वारे वरचं पाणी समुद्राकडे लोटतात आणि त्याच्या जागी खोल पाणी वर चढतं. मेलेले जीव कुजून सुटलेला कार्बन डायऑक्साइड त्या पाण्यात आधीच साठलेला असतो. तो निसर्गाचा भाग. त्यावर आपल्या धुराची भर पडली. गोव्यासमोरच्या उथळ समुद्रातही पावसाळ्यात आणि नंतर असंच खोलातलं, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर येतं. ज्या कुजण्याने प्राणवायू संपतो, त्यानेच कार्बन डायऑक्साइड वाढतो, म्हणून तिथले शंख-शिंपले तपासणं हे आपलं स्वतःचं काम आहे.

पॅसिफिकमधलं हे वर येणारं पाणी पृष्ठभागावर शेवटचं होतं ते सुमारे पन्नास वर्षांपूर्वी. त्या वेळच्या हवेतून त्याने वायू घेतला आणि ते खाली गेलं. आज जे पाणी खाली जात आहे, त्याने कितीतरी जास्त वायू घेतला आहे, आणि तेही याच किनाऱ्याला येणार आहे. २०११ च्या त्या सफरीवरच्या शास्त्रज्ञांचा अंदाज असा, की झिजलेल्या शंखांचं प्रमाण औद्योगिक काळापूर्वीच्या दुप्पट झालं आहे आणि २०५० पर्यंत ते तिप्पट होऊ शकतं. त्यानंतरच्या पाण्यात किती वायू असेल, ते मात्र आपण आत्ता काय जाळतो यावर ठरेल.