नाथसागराला भरती कितीला?

[दृश्य: पहाट. नाथसागर. पाण्यावर धुकं, एकच होडी.]

समोरचा काठ दिसत नाही. कॅमेरा कितीही पुढं नेला तरी पाणीच. पैठणला गोदावरी अडवून 1976 साली जायकवाडी धरण पुरं झालं. दहा किलोमीटरच्या आसपास लांबीची भिंत, तिला 27 दरवाजे आणि मागं हा नाथसागर. त्याच्या पोटात गावंच्या गावं गेली.

मराठवाड्यात जिल्हे आठ. एकालाही समुद्र नाही. तरी गलबत, डोलकाठी, खाडी, उधाण हे शब्द इथल्या जुन्या वाचकांच्या तोंडी आहेत. ते आले कुठून, ते दाखवायला तुम्हाला पैठण तालुक्यातल्या एका वाचनालयात नेतो.

[दृश्य: लोखंडी कपाट उघडतं. खाकी कव्हरं, पाठीवर पांढऱ्या रंगात आकडे.]

या कपाटात नुसत्या रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकर, म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराहून जास्त रहस्यकथा या एका माणसाने लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड या त्यांच्या नायकांची नावं घेतली की इथं अजूनही कुणीतरी मान वर करतं. आणि आडनाव ज्या अर्नाळ्याची आठवण करून देतं, ते विरारजवळचं किनाऱ्यावरचं गाव. समोर बेट, बेटावर किल्ला.

वाचनालयातल्या ताईंचे हात बघा. मैद्याची खळ शिजवतायत. चिमूटभर मोरचूद टाकलं, म्हणजे कसर लागत नाही. दाभणानं भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं, फर्मा, म्हणजे दुमडलेल्या पानांचा गठ्ठा, फर्म्याला शिवायचा. मग वरून पुठ्ठा, त्यावर कापडाची पट्टी, आणि रात्रभर वर दगडी पाटा. रहस्यकथेचं शेवटचं पान सगळ्यात आधी सुटतं, म्हणून त्याला आतून पातळ कागदाचा पदर देतात. एका पुस्तकाला दोन दिवस लागतात. या पुस्तकांना हलकं म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस इथं येऊन बसावं.

गेल्या वर्षी दोन पोती पुस्तकं रद्दीत गेली.

[दृश्य: अलिबाग. ओहोटी. ओल्या वाळूतून किल्ल्याकडं चाललेली माणसं.]

लेखक माणसं बेटावर का नेतो? कारण तिथून कुणाला निघता येत नाही. इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्ती यांनी 1939 साली एका कादंबरीत दहा माणसं बेटावर नेली आणि होडी येऊ दिली नाही. पुढचं सगळं त्या न आलेल्या होडीनं केलं. ते बेट बेतलं होतं इंग्लंडमधल्या डेव्हनच्या किनाऱ्याजवळच्या बर्ग बेटावर. ओहोटीला तिथं वाळूवरून चालत जाता येतं. आपल्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचंही तसंच. सकाळी पायवाट, दुपारी पाणी. एका दिवसात तीच जागा मोकळी होते आणि कोंडवाडाही होते.

किनाऱ्याची भीती वेगळी. तिथं आडोसा नाही, सगळं दिसतं, पण टिकत नाही. वाळूतलं पाऊल सहा तासांत पुसलं जातं. पुरावा गोळा करणाऱ्याला समुद्र घड्याळ लावून देतो.

[दृश्य: किनवटचं सागवान. वाळलेल्या पानांवर पाऊल.]

जंगलासाठी आम्ही नांदेड जिल्ह्यातल्या किनवटला गेलो. हा आवाज ऐका. उन्हाळ्यात सागाची पानं गळाली की चोरपावलानं चालणं जमतच नाही, पाऊल टाकलं की पापड मोडल्यासारखं वाजतं. पावसाळ्यात पानं भिजतात, आवाज मरतो आणि दहा पावलांपलीकडचं दिसेनासं होतं. घात करणारा पावसाची वाट बघतो, तो यासाठी. ज्या कादंबरीत ऋतू सांगितलेलाच नाही, त्या कादंबरीतलं जंगल मला खरं वाटत नाही.

[दृश्य: जुनं पुस्तक. पिवळं पान. समासात पेन्सिलीची अक्षरं.]

आता हे पान. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते हेच. कादंबरीतला खुनी पौर्णिमेच्या रात्री बारा वाजता वाळूतून चालत बेटावर जातो. समासात बारीक अक्षरात लिहिलंय: ‘पौर्णिमेला बाराला भरती. चालत कसा गेला? अष्टमी पाहिजे.’

कोकणात हिशोब असा सांगतात: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन. अष्टमीला सहा, म्हणजे ओहोटी बाराच्या सुमाराला. पौर्णिमेची पंधरा धरली तर सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्री पाणी भरलेलंच. चूक लेखकाची. पकडली पैठणच्या वाचकानं.

हे लिहिणारे काका एसटीत कंडक्टर होते. तिकिटाच्या पेटीत एक पुस्तक कायम. पाऊणपटीचा हिशोबही त्यांनी असल्याच दुसऱ्या एका कादंबरीत वाचलेला.

‘ममईला गेलो व्हतो येकदा. पर समुद्राकडं जायला येळ न्हाई गावला.’

[दृश्य: वाचनालय. काका पुस्तक घेतात.]

‘ताई, शेवटचं पान हाय ना?’

‘आहे, काका. परवाच शिवलं.’

तरी उघडून बघतात. वाचत नाहीत. अंगठ्यानं चाचपतात, मिटतात, पिशवीत टाकतात.

वाचनालय आता संध्याकाळी दोनच तास उघडं असतं.

[दृश्य: नाथसागर, दिवस कलताना. काका होडीत. वल्ह्यावर मासेमार.]

आम्ही काकांना विचारलं, येता का पाण्यावर? पुस्तक घेऊनच आले. मधल्या एका बेटाजवळ होडी थांबवली. पाणबगळे उडाले. काका बराच वेळ बेटाच्या काठाकडं बघत होते, ओल्या चिखलाची रेघ कुठवर चढलीय ते. मग मासेमाराला विचारलं,

‘हितं भरती कितीला येती रं?’

‘भरती कशाची, काका? दारं उघडली की पाणी उतरतंय.’

काकांनी पेन्सिल काढली.

[दृश्य: समासावर पेन्सिल. आवाज फक्त पाण्याचा.]