मोपाच्या पठारावरून सर्वोच्च न्यायालयात

(दृश्य: मोपाचं पठार, ड्रोनमधून)

गोव्याचं उत्तर टोक, पेडणे तालुका. हा जांभ्याचा सडा म्हणजे मोपाचं पठार. पावसाचं पाणी या जांभ्यातून झिरपत खाली उतरतं आणि पायथ्याचे झरे वाहते ठेवतं. पलीकडची डोंगरांची रांग महाराष्ट्रातली, सिंधुदुर्गातली.

28 ऑक्टोबर 2015 रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने इथे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायला पर्यावरण मंजुरी दिली. एका नागरिकाने आणि एका पर्यावरण संस्थेने त्या मंजुरीला आव्हान दिलं.

(दृश्य: फॉर्मची पानं, जवळून)

हा फॉर्म 1. 14 सप्टेंबर 2006च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची वाट इथून सुरू होते. हद्दीपासून 15 किलोमीटरच्या टापूत जंगल आहे का, पाणथळ आहे का, संवेदनशील क्षेत्र आहे का, हे प्रकल्पवाल्यांनी स्वतःच लिहायचं असतं. त्यावरून अभ्यासाचे मुद्दे ठरतात, अहवाल बनतो, जनसुनावणी होते आणि शेवटी तज्ज्ञ समिती शिफारस करते. इथे जे लिहिलंच नाही, ते पुढच्या कुणाच्याही टेबलावर पोचत नाही. मोपाच्या फॉर्ममध्ये आसपासच्या राखीव जंगलांचा उल्लेख नव्हता. सिंधुदुर्गातली संवेदनशील क्षेत्रंही त्यात नव्हती.

(दृश्य: पुणे, राष्ट्रीय हरित लवादाची इमारत, बाहेरून)

मंत्रालयाच्या अशा निर्णयावर अपील इथे होतं. 2010च्या राष्ट्रीय हरित लवाद कायद्याचं कलम 16. निर्णयाची झळ बसणारी कोणतीही व्यक्ती अपील करू शकते. त्यासाठी सातबारा तुमच्या नावावर असायला लागत नाही. नुकसानभरपाई मागायची नसेल तर 2011च्या नियमांत फी आहे एक हजार रुपये. समोर एक न्यायिक सदस्य असतो आणि एक तज्ज्ञ सदस्य. दिवाणी कोर्टाच्या किचकट कार्यपद्धतीने लवाद बांधलेला नाही. सामान्य माणसाला आपली बाजू स्वतः मांडता यावी, म्हणूनच हे दार ठेवलेलं आहे.

पण दार फार दिवस उघडं राहत नाही. मंजुरी कळवली गेल्यापासून तीस दिवस. उशिराला सबळ कारण असेल तर आणखी साठ. नव्वदाव्या दिवसानंतर लवादालाही माफी देता येत नाही. मंजुरीची जाहिरात स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. आतल्या पानावरची ती छोटी चौकट कापून ठेवा.

दार कुठे आहे, यालाही महत्त्व आहे. 2017च्या ऑगस्टमध्ये केंद्राने गोव्याची प्रकरणं पुण्याहून दिल्लीला वळवली. पेडण्याहून पुणं रात्रीच्या बसचं अंतर. दिल्लीला तारखेसाठी कोण जाणार? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑक्टोबरमध्ये ती अधिसूचना रद्द केली.

मोपाचं अपील लवादात टिकलं नाही. 21 ऑगस्ट 2018 रोजी लवादाने काही जादा अटी घालून मंजुरी कायम ठेवली. वरची पायरी होती सर्वोच्च न्यायालयाची, त्याच कायद्याचं कलम 22, मुदत नव्वद दिवस. तिथे मात्र ‘निर्णय आम्हाला पटला नाही’ एवढं पुरत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 100 प्रमाणे कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न दाखवावा लागतो.

(दृश्य: सर्वोच्च न्यायालयाचा घुमट, निकालाची प्रत, पानं उलटताना)

तो प्रश्न फॉर्म 1 मध्येच होता. 29 मार्च 2019 रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि हेमंत गुप्ता यांनी निकाल दिला. फॉर्ममध्ये महत्त्वाच्या गोष्टी उघड केल्या नव्हत्या, असं न्यायालयाने म्हटलं. तज्ज्ञ समितीने शिफारशीची कारणं द्यायला हवी होती आणि लवादाने प्रकरण गुणवत्तेवर नीट तपासायला हवं होतं, हेही त्यात आहे. मंजुरी निलंबित झाली आणि प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. पेडण्यातून निघालेल्या एका कागदावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाने रकाना आणि रकाना तपासला. ही पानं आम्ही मुद्दाम सावकाश दाखवतो आहोत.

(दृश्य: धावपट्टी, टर्मिनल)

समितीने जादा अटींसह पुन्हा शिफारस केली. 16 जानेवारी 2020 रोजी निलंबन उठलं, अटींवर देखरेख नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेकडे गेली, आणि डिसेंबर 2022 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं.

(दृश्य: संगणकाचा पडदा, परिवेश संकेतस्थळ)

2019चा तो निकाल आता दुसऱ्यांच्या अपिलांत दाखला म्हणून जोडला जातो. तुमच्या तालुक्यातल्या प्रकल्पाचं मंजुरीपत्र केंद्राच्या परिवेश संकेतस्थळावर सापडतं, फॉर्मही तिथेच असतात. आधी पत्रावरची तारीख बघा, मग 15 किलोमीटरचे रकाने आपल्या गावच्या नकाशाशी ताडून पाहा.