सुटायचं कशापासून?

सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असं प्रास्ताविकात ऐकलंत आणि टाळ्याही वाजवल्यात. म्हणजे मी आता चहा घेऊन घरी जायला हरकत नाही. पण मानधनाचं पाकीट अजून मिळालेलं नाही, तेव्हा बोलतो.

माझं म्हणणं एवढंच, की मोक्ष कसा मिळतो हे विचारण्याआधी सुटायचं कशापासून ते विचारा. वाटा तिथंच फुटतात.

१५१७ साल घ्या. योहान टेट्झेल नावाचा डॉमिनिकन साधू जर्मनीत क्षमापत्रं विकत फिरतोय. आपल्याकडे शाळेपासून शिकवतात, ‘स्वर्गाची तिकिटं विकली’. हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, ते स्वर्गाचं तिकीट नव्हतंच! कॅथलिक मतानं पाप कबूल करून क्षमा मिळाली की नरक टळतो, पण थोडी शिक्षा उरते. ती मेल्यावर परगेटरीत, म्हणजे स्वर्गाआधीच्या शुद्धीच्या जागी, भोगायची. तिथं पोचलेला आज ना उद्या स्वर्गात जाणारच. पत्रानं मिळायची ती उरलेल्या शिक्षेत सूट. स्वतःसाठी घ्या, वारलेल्या आईसाठी घ्या. दहाव्याला कावळा शिवेना की आपण काय काय कबूल करतो? ‘धाकटीचं लग्न आम्ही करू, काळजी नको!’ मग त्या गिऱ्हाइकांना कशाला हसायचं?

आणि पैसा? निम्मा रोमला, सेंट पीटरच्या बांधकामाला. निम्मा आर्चबिशप आल्ब्रेख्टनं फुगर पेढीकडून काढलेलं कर्ज फेडायला. सॅक्सनीच्या फ्रेडरिकनं मात्र टेट्झेलला हद्दीत येऊ दिलं नाही. तत्त्व वगैरे काही नाही हो! त्याच्याकडे संतांच्या अवशेषांचा मोठा संग्रह होता, त्याच्या दर्शनानंही शिक्षेत सूट मिळायची. वाटेकरी कोणाला हवाय? लोक हद्द ओलांडून पत्रं आणू लागले, तेव्हा विटेनबर्गचा एक प्राध्यापक बिथरला. तो ल्यूथर. माणूस स्वतःच्या पुण्याईनं नाही, श्रद्धेनं, देवाच्या कृपेवर तरतो, हे त्याचं म्हणणं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं. बरं.

जैनांना सुटायचंय कर्मापासून. कर्म म्हणजे जीवाला चिकटणारं सूक्ष्म द्रव्य. ते तपानं ज्याचं त्यानं झाडायचं, तीर्थंकर फक्त वाट दाखवणार. बौद्धांत आत्माच मानलेला नाही, तृष्णा विझली की झालं. पण जपानात तेराव्या शतकातला शिनरान म्हणतो, स्वतःच्या बळावर जमणार नाही, अमिताभ बुद्धाच्या संकल्पावर सोडा. स्वतःच्या पुण्याईवर विसंबणारा सज्जनसुद्धा तरतो, मग दुर्जन का नाही तरणार? अगदी ल्यूथर वाटतो ना? रीत मिळतीजुळती, पण ल्यूथरला धास्ती देवाच्या न्यायाची, शिनरानला जन्ममरणाच्या फेऱ्याची. ख्रिस्ती मतातलं आदमपासून वारशानं आलेलं पाप इस्लाममध्ये नाही, म्हणून ते फेडायला कुणी क्रुसावर चढायचं कारण नाही. हिशेब ज्याचा त्याचा, वर अल्लाची रहमत.

आणि तुकोबा? ज्या फेऱ्यातून इतरांना सुटायचंय, त्यातच ते परत जायला तयार. ‘तुका म्हणे गर्भवासीं । सुखें घालावें आम्हांसी’. मुक्ती नको, संतसंग द्या. खरं तर मी यावरच बोलायला आलो होतो, पण माईकवाले उठलेच.