वाळूच्या थरात गाळ कसा अडतो

पावसाची जोरदार सर. रस्त्यांवर, छपरांवर साचलेली धूळ, माती, टायरची झीज, सगळं वाहून निघालंय. जाड कण लवकर तळाशी बसतात. बारीक कण मात्र तरंगतच राहतात, आणि जस्त, तांबं, फॉस्फरस यांचा बराचसा वाटा त्यांनाच चिकटून येतो.

असं पाणी नदीत जाण्याआधी वाळूच्या थरातून गाळतात. त्याचीच छोटी प्रतिकृती म्हणजे हा पारदर्शक ॲक्रिलिकचा स्तंभ. आत वाळू, तळाला खडी. वरून गढूळ पाणी सोडलंय. जरा जवळून पाहू. दोन दाण्यांमधली पोकळी बारीक कणांच्या कितीतरी पट मोठी आहे. तरीही ते अडतात, कारण ते दाण्यांना चिकटतात. जड कण वजनानं दाण्यावर टेकतो. कुणी प्रवाहासोबत जाता जाता दाण्याला घासतो. अतिसूक्ष्म कण पाण्याच्या रेणूंचे धक्के खात भरकटतो आणि आदळतो. हुलकावणी देतो तो मधला, साधारण १ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. त्याला वजनही पुरत नाही आणि धक्केही.

आता गणित. वाळूत गाळ किती अडतो याचं, १९३७ मध्ये संशोधक इवासाकी यांनी मांडलेलं समीकरण आजही पाया आहे. थराच्या वरच्या ५ सेंटिमीटरनं निम्मा गाळ अडवला, तर पुढचे ५ सेंटिमीटर उरलेल्याच्या निम्मा अडवतात. हे प्रमाण ठरवतो तो गाळण गुणांक. १९७१ मध्ये याओ, हबिबियन आणि ओमेलिया या संशोधकांनी तो एकेका दाण्याभोवतीच्या हालचालींवरून काढण्याची वाट दाखवली.

पण गुणांक स्थिर राहत नाही. वरचा थर बघा, काळा पडलाय. पाण्याचा दाब दाखवणाऱ्या बाजूच्या नळ्यांमधल्या पातळ्यांचा फरक वाढत चाललाय. पोकळ्या बुजताहेत, पाण्याला वाट काढायला जोर लागतोय.

जलशुद्धीकरण केंद्रात पाणी ठरलेल्या वेगानं येतं. पाऊस तसा येत नाही. दोन सरींमध्ये गाळ वाळतो, पापुद्रा धरतो, तडकतो, आणि पुढच्या लोंढ्यात सुटूही शकतो. म्हणून थरात गाळ किती अडेल याचा अंदाज देणारं, पण एकसारखा प्रवाह गृहीत धरलेलं गणिती मॉडेल आम्हाला अपुरं वाटतं. त्याला खऱ्या पावसाच्या नोंदी द्यायला हव्यात, मधल्या कोरड्या दिवसांसकट.

हे खालून निघालेल्या पाण्याचे नमुने. काचतंतूच्या कागदातून गाळायचे, कागद १०३ ते १०५ अंश सेल्सिअसला वाळवायचा, वजन करायचं. पडद्यावरचे ठिपके म्हणजे ही वजनं, रेषा मॉडेलची. दोन्ही जुळले, तर वरचा थर कधी खरवडायचा हे आधीच ठरवता येतं. तो वेळेत खरवडला नाही, तर तुंबलेल्या थरावरून पाणी न गाळताच नदीत जातं.