दोलकाला वजन कळत नाही

नमस्कार श्रोतेहो. सोलापुरात डी.एल.एड. करणाऱ्या आणि उद्या पाचवी-सहावीच्या वर्गात उभ्या राहणाऱ्या तुम्हा भावी गुरुजी-बाईंसाठी आज फक्त एक दोलक.

यंत्रमागाचं सूत आपल्या गावात सहज मिळतं, पण ते पिळाचं असतं. नट बांधला की गरगर फिरतो. शिवणाचा जाड नायलॉन दोरा घ्या. सोबत बारा एमएमचे तीन नट, दोन पट्ट्या आणि एक मोबाइल. दोरा खिळ्याला गुंडाळू नका, झोक्याबरोबर तो खिळ्यावर घसरतो. दोन पट्ट्यांमध्ये दाबून धरा आणि पट्ट्यांच्या कडेपासून नटाच्या मध्यापर्यंत 25 सेंटीमीटर मोजा. गाठीपर्यंत नव्हे.

नट चार सेंटीमीटर बाजूला ओढून सोडा. सोडताना 'शून्य' म्हणा; नट पलीकडे जाऊन परत सोडल्या जागी आला की एक झोका. बहुतेक जण 'एक' म्हणतात, आणि वीस म्हणेपर्यंत झोके एकोणीसच झालेले असतात. बरोबर मोजलंत तर वीस झोक्यांना 20 सेकंद लागतील. पंखा बंद हवा; आपल्याकडच्या उन्हाळ्यात हे जड जाईल, पण पाचच मिनिटं.

आता वजन वाढवा. मुलं काय करतात? पहिल्या नटाखाली दुसरा, त्याखाली तिसरा बांधतात. वेळ 21 सेकंदांजवळ जातो आणि अख्खा वर्ग म्हणतो, "जड दोलक हळू हलतो!" मुलांनी मोजलं ते खरंच आहे. फक्त वजनासोबत त्यांनी नकळत लांबीही वाढवली. मध्य दोन सेंटीमीटर खाली गेला. इथे 'चूक' म्हणून फळ्यावर उत्तर लिहिलंत तर प्रयोग तिथेच संपला. "वजनाखेरीज आणखी काय बदललं?" एवढंच विचारा आणि थांबा. कुणीतरी पट्टी लावून पाहतंच. मग एकाच दोऱ्यात तिन्ही नट शेजारी-शेजारी ओवा. पुन्हा 20.

हा घोटाळा वर्गात जाण्याआधी स्वतःच्या हातांनी करून पाहा.

शेवटी लांबी चौपट करा, म्हणजे 1 मीटर. त्याआधी प्रत्येक मुलाला अंदाज वहीत लिहायला लावा. बरेच जण 80 लिहितील. येतात 40. घड्याळात 38 दिसलं तर मोजणी एकाने चुकली. 41 दिसलं तर पट्ट्या सैल आहेत, दोरा चारेक सेंटीमीटर खाली सरकलाय.