वाशांखालची न्हाणी

नमस्कार श्रोतेहो.

कोकणातल्या आमच्या जुन्या घरात न्हाणी आणि संडास परसात. ऐंशीच्या घरातल्या माझ्या आईला जुलैच्या रात्री दोनदा-तीनदा उठून, हातात बॅटरी घेऊन शेवाळलेल्या चिऱ्यांवरून जावं लागायचं. ती परत येऊन कडी लावेपर्यंत माझा डोळा लागत नसे. म्हणून तिच्या खोलीतच बाथरूम करायचं ठरवलं. खोली अशी, की अंथरुणावर पडलं की आढं, वासे, रिपा आणि वरची मंगलोरी कौलं दिसतात. ते लाकूड आजोबांनी उभं केलेलं. ते झाकायचं नव्हतं.

पहिल्यांदा चुकलं. गवंड्यानं भिंत थेट कौलांपर्यंत चढवली, वाशांभोवतीच्या फटी सिमेंटनं बुजवल्या. काम नेटकं दिसत होतं. तिसऱ्या पावसाळ्यानंतर एक वासा भिंतीत शिरतो तिथे काळा डाग दिसला. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो भिजलेल्या खारकेत जावा तसा दोन बोटं आत गेला. अजून आठवलं की पोटात कालवतं.

आंघोळीची वाफ वर जाते, गार कौलांखाली तिचं पाणी होतं आणि ते लाकडावर उतरतं. एरवी कौलांच्या फटींतून वारा येतो, लाकूड सुकतं. सिमेंटनं चहूकडून आवळलं की ते सुकत नाही. लाकडातली ओल 20 टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते आणि वाळवीलाही आमंत्रण मिळतं.

मग ते पाडलं आणि खोलीत पेटी ठेवावी तसं बाथरूम बांधलं. सात फुटांच्या भिंती, त्यावर त्याचंच वेगळं छत. वासे वरून मोकळे जातात, झाडू फिरवता येतो. वाफ काढणारा पंखा बाहेरच्या भिंतीत, वाफ थेट अंगणात. टाकी वाशांवर नाहीच. 500 लिटर पाणी म्हणजे अर्धा टन वजन. आणि पाइपसाठी तुळईला खाच पाडू द्यायची नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते. म्हणून वॉटरप्रूफिंग भिंतीवर फूटभर, शॉवरपाशी सहा फूट चढवा. टाइल्स बसवण्याआधी पाणी जायची जाळी बंद करून 48 तास पाणी भरून ठेवा आणि पलीकडची भिंत हातानं चाचपून बघा. मैल्याच्या पाइपला उतार फुटाला पाव इंच. शोषखड्डा विहिरीपासून 60 फुटांच्या आत नको. दाराला उंबरा ठेवू नका. म्हाताऱ्या माणसाचा पाय तिथेच अडखळतो. आत धरायला स्टीलचा दांडा पक्क्या भिंतीतच बसवा.

आणि श्रोतेहो, आधी मे महिन्यात घर शाकारून घ्या. पेटी उभी राहिली की त्या कोपऱ्यात शिडी लावायला जागा उरत नाही.